तांब्याची तार बांधलेल्या स्लिपर्स

राग जुना झाला की निवळतो, असं लोक सांगतात. माझ्या रागाचं तसं काही झालं नाही. मी माणदेशातली. आमच्याकडे पाऊस यायचा विसरतो, माणसं काही विसरत नाहीत. घरात हे म्हणायचे, कशाला जुनी मढी उकरतेस. पण मी मढं पुरलंच कुठे होतं? ते शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, बेडरूमच्या कपाटावर, सूटकेसच्या मागे, सुपरमार्केटच्या पिशवीत गाठ मारून ठेवलं होतं. निळ्या रबराच्या, पुरुषी मापाच्या, बाथरूममध्ये घालायच्या दोन स्लिपर्स. दर दिवाळीला मी कपाटावरची धूळ पुसायची आणि ती पिशवी होती तिथेच परत ठेवायची.

सगळं सुरू झालं ते माझ्या टाचांपासून. लहानपणी चप्पल म्हणजे लग्नाकार्याला आणि शाळेच्या गॅदरिंगला घालायची वस्तू. एरवी ढेकळांतून, माळावरून, भर उन्हात अनवाणीच. बाभळीचा काटा मोडला की आई सुईनं तो काढायची आणि वर बिब्ब्याचा चटका द्यायची. आम्ही बोंबलायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच काट्यांतून जायचो. टाचांना अशा भेगा पडायच्या की त्यात ज्वारीचा दाणा ठेवला तर पडला नसता. थंडीत आई कोकमाच्या तेलाचा गोळा पळीत ठेवून चुलीवर पातळ करायची आणि ते गरम तेल भेगेत सोडायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण सकाळी टाच लोण्यासारखी. लग्न होऊन निघाले तेव्हा आईनं माझ्या बॅगेत दोन वस्तू आठवणीनं टाकल्या, एक टाचा घासायची वजरी आणि एक कोकमाचा गोळा. म्हणाली, परक्या देशात पाय नीट ठेव.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. हे शारजात एका मराठी माणसाच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइटवर होते. मालक साधा माणूस, पण मालकीणबाई म्हणजे काय विचारू नका. शारजातल्या मराठी बायकांमध्ये कोणी कोणाकडे जायचं, कोणाच्या पुरणपोळीला चांगलं म्हणायचं, हे सगळं तिथून ठरायचं. तोंडावर सगळ्यांसारखी मीही त्यांना वहिनी म्हणायचे. मनात बाईसाहेब म्हणायचे, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

मी आले त्याच संक्रांतीला बाईसाहेबांच्या व्हिलात हळदीकुंकू होतं. ह्यांनी आदल्या दिवसापासून माझी शिकवणी घेतली होती, कमी बोल, हळू बोल, मालकाचं घर आहे. मला काळजी वेगळीच होती. एसीच्या कोरड्या हवेनं माझ्या टाचा गावापेक्षा वाईट फुटल्या होत्या. हळदीकुंकवाला अनवाणी बसायचं, शेजारी मुंबई-पुण्याच्या गुळगुळीत टाचांच्या बायका. म्हणून निघायच्या आधी मी वजरीनं टाचा घासल्या, कोकमाचं तेल पातळ केलं आणि जरा सढळ हातानं भेगांत भरलं. टाचा चकचकीत दिसायला लागल्या. मी आरशात मागे वळून वळून बघितलं आणि खूश झाले.

तिथे दारात सँडल काढल्या आणि आत गेले. हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत साईच्या रंगाचं कार्पेट. मी ते ओलांडून कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. बसल्यावर पाहिलं तर दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत पावलं उमटली होती. तेलकट, पिवळट, एकापाठोपाठ एक. लक्ष्मीची पावलं काढतात ना, तशी; फक्त ही कोणाला नको होती.

बाईसाहेबांनी ती पाहिली आणि त्यांचा आवाज थांबला. त्यांचा थांबला म्हणून सगळ्यांचा थांबला. मग त्यांनी कार्पेट कुठून आणलं आणि केवढ्याला, ते आधी दिरहममध्ये, मग रुपयांत सांगितलं. माझ्या पायांकडे बोट दाखवून शेजारणीला म्हणाल्या, बघा ना, गावाकडचे पाय. दोघी-तिघी तोंडाला रुमाल लावून हसल्या. मला उभं केलं आणि पायाखाली पेपर पसरला. त्या स्वतः आत गेल्या आणि हातात दोन बोटांनी धरून त्या निळ्या स्लिपर्स घेऊन आल्या.

"ह्यांच्या बाथरूममधल्या आहेत. खाली कार्पेट आहे, डाग पडतात. ह्या घाल."

मी घातल्या. काय करणार होते? नवीन सून, मालकाचं घर, नवऱ्याची नोकरी. उजव्या स्लिपरची पट्टी अंगठ्यापाशी तुटली होती आणि ती तांब्याच्या तारेनं बांधली होती. तारेचं टोक माझ्या बोटाला टोचत होतं. त्या चपला पायात ठेवून मी कपाळाला कुंकू लावून घेतलं. आमच्या गावात वेडीसुद्धा पायात चप्पल ठेवून हळदीकुंकू घेत नाही, आणि मी संडास-बाथरूमच्या चपला घालून ओटी पुढे केली.

वाण हातात पडताच मी बाहेर पडले. डोळ्यांत पाणी असल्यामुळे दारातला चपलांचा ढीग दिसलाच नाही. पोर्चमध्ये मालक उभे होते. माझ्या पायांकडे बघून हसले आणि म्हणाले, अरे, आमच्या चपला निघाल्या वाटतं! चांगल्या मनानं म्हणाले होते, पण मला तेव्हा चांगलं-वाईट काही कळत नव्हतं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की माझ्या सँडल तिथेच राहिल्या. ह्यांनी गाडी वळवायला घेतली, मी हात धरून थांबवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा पठाण ड्रायव्हर माझ्या सँडल घेऊन आला. मी स्लिपर्स द्यायला गेले तर तो हात मागे घेऊन म्हणाला, मॅडमने बोला है, वो रख लो, अब घर में कौन पहनेगा. म्हणजे माझ्या पायांनी चपलासुद्धा विटाळल्या. बाथरूमच्या चपला! मी दार लावलं, देवासमोर बसले आणि मोठ्यानं बोलले. ही बाई माझ्या पायाशी बसेल, ह्याच भेगाळ टाचा हातात धरेल, आणि ह्याच चपला मी सगळ्यांदेखत तिला घालायला देईन. त्याशिवाय माझा जीव थंड व्हायचा नाही. मग पिशवीला गाठ मारली.

आमच्या मजल्यावर एक आयरिश नर्स राहायची. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेली, केस पिकलेले, हात मात्र आमच्या गावच्या बायकांसारखे रुंद. एका सकाळी मी गच्चीवर बादली घेऊन वजरीनं पाय घासत बसले होते. ती कपडे वाळत घालायला आली, माझ्या टाचा बघितल्या आणि हसली. माझं टाळकंच फिरलं. पण तिनं आपले बूट काढले, मोजे काढले आणि टाच माझ्यासमोर धरली. गोरी होती, पण भेगा आमच्याच. तिथून आमचं जमलं. तिचं हळू हळू बोललेलं इंग्रजी, हॉस्पिटलात शिकलेले हिंदीचे चार शब्द आणि माझं मोडकंतोडकं, एवढ्यावर भागायचं.

तिच्याकडेही लहानपणी वसंतापासून थंडी पडेपर्यंत मुलं अनवाणीच हिंडायची म्हणे. दगड लागून तळव्याला आतून गळू व्हायचं, मग त्यावर पावाचं गरम पोटीस बांधायचे. पाय फुटले की हंसाची चरबी चोळायचे. मी म्हटलं, आमचं कोकम बरं. रात्री निजायच्या आधी सगळ्या पोरांचे पाय एकाच घंगाळात धुवायचे, आणि ते पाणी रात्रभर घरात ठेवायचं नाही. दारातून बाहेर टाकायचं, टाकताना आधी ओरडायचं, म्हणजे अंधारात जे कोणी हिंडत असतील ते बाजूला होतील. पाणी घरात राहिलं तर ते त्या बाहेरच्यांना आतून दार उघडून देतं, असं तिची आजी सांगायची. मला ते लगेच पटलं. आमची आजी तिन्हीसांजेला उंबऱ्यावर पाय धुऊ द्यायची नाही, तिची कारणं साधारण अशीच असायची.

बूट असायचे, पण ते रविवारच्या चर्चसाठी. झिजू नयेत म्हणून मुली ते हातात घेऊन अनवाणी चालायच्या. चर्चच्या अलीकडे ओढ्यावर पूल होता, तिथे पाय धुऊन बूट चढवायच्या. एका रविवारी दुकानदाराच्या मुलीनं हिचा एक बूट उचलून ओढ्यात फेकला. सिस्टर एका पायात बूट, एक पाय उघडा अशी भर चर्चमधून पुढपर्यंत चालत गेली. टक, फत्, टक, फत्. तिनं गच्चीवर चालून दाखवलं. मला हसू आलं नाही, तिलाही नाही.

मी विचारलं, मग तू काय केलंस? तिनं वाट बघितली. नर्स झाली, परदेशात पगार घेऊ लागली आणि एका सुट्टीत गावी गेली. ती दुकानदाराची मुलगी आता बापाचं बुटांचं दुकान चालवत होती. सिस्टर खुर्चीवर बसली आणि दुकानातला एकूणएक बूट मागवला. ती बाई गुडघ्यावर बसून हिच्या पायात बूट चढवते आहे, काढते आहे, पुन्हा चढवते आहे. सगळे बूट घालून झाल्यावर सिस्टर उठली, नको म्हणाली आणि बाहेर पडली. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला त्या दिवशी शिरा करून नेला. शिरा खाताना विचारलं, गोड लागलं का गं?

"दाराबाहेर येईपर्यंत," ती म्हणाली. "बाहेर पाऊस होता, आणि माझे बूट गळत होते."

गोड लागलं, तेवढंच मी त्यातलं लक्षात ठेवलं.

वर्षं गेली. सिस्टर निवृत्त होऊन तिच्या गावी परत गेली. आम्ही अल नहदात मोठ्या फ्लॅटमध्ये आलो, पिशवीही आली. ह्यांनी दुसरी कंपनी धरली. माझा धाकटा दीर पुण्याहून इंजिनीअर होऊन दुबईत नोकरीला लागला आणि आमच्याकडे राहू लागला. मधल्या काळात बाईसाहेबांचे यजमान साइट ऑफिसमध्ये खुर्चीतच गेले. कंपनी खलास झाली, व्हिला सोडावा लागला. बाईसाहेब गोळ्या घेऊन निजलेल्या असताना नातेवाइकांनी येऊन सगळं घर आवरलं, कपडेलत्ते कुठेतरी देऊन टाकले. पुढे त्या रडत सांगायच्या म्हणे, ह्यांचा एक शर्टसुद्धा ठेवला नाही कोणी माझ्यासाठी. मी भेटायला गेले होते तेव्हा त्या उघड्या फरशीवर बसलेल्या होत्या. कार्पेट गेलं होतं. मी ते पाहिलं आणि मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

आणि एक दिवस दीर चहा पिता पिता म्हणाला, वहिनी, एक मुलगी आहे. ऑफिसमधलीच, मराठी. नाव-गाव सांगितलं आणि माझं गॅसवरचं दूध उतू गेलं. बाईसाहेबांची मुलगी! पोरगी गोड होती, इंग्रजीत चुरूचुरू बोलायची, तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. पण मी दुसरंच बघत होते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, सासऱ्यांना प्रवास झेपत नव्हता. वरमाय म्हणून पाटावर बसणार होते मी. आणि आमच्याकडे मुलीची आई विहिणीचे पाय धुते.

मुलगी म्हणाली, दॅट्स सो ओल्ड-फॅशन्ड, पाय धुणं वगैरे नको. दीर म्हणाला, खरंच नको. मी म्हटलं, बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा, जेवण बुफे ठेवा, मंत्र अर्ध्या तासात उरका, पण हा मान मी सोडणार नाही. मग त्यांच्याकडून निरोप आला की आई विधवा आहे, तेव्हा पाय मावशी धुवेल. मी फोनवर ठणकावून सांगितलं, मी ते असलं काही मानत नाही, आईच्याच हातानं झालं पाहिजे. झालं! शारजा-दुबईतल्या मराठी मंडळींत माझं कौतुक सुरू झालं. किती पुढारलेले विचार, विधवेला मान दिला. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तर लग्नात चार शब्द बोलायचं ठरवलं. मी कौतुक करून घेतलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

लग्न ठरल्या दिवशी मी वजरी माळ्यावर टाकली. रोज सकाळी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालले. भांडी घासायची साबणाची पावडर पायांवर उडू दिली. लग्नाच्या आठवड्यात माझ्या टाचा पहिल्या संक्रांतीसारख्या फुटल्या होत्या. हे म्हणाले, अगं डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, दाखवणारच आहे, पण डॉक्टरला नाही. निघायच्या आधी कोकमाचं तेल पातळ केलं आणि सढळ हातानं भरलं. पिशवी पर्समध्ये मावेना म्हणून साड्यांच्या बॅगेत घातली.

हॉलमध्ये लाल कार्पेट होतं. त्यावर पाट, भोवती रांगोळी, समोर परात. मी बसले. बाईसाहेब आल्या. खंगल्या होत्या, साडी साधी, पायही उघडे. गुडघे धरून सावकाश खाली बसल्या आणि माझा उजवा पाय परातीत घेतला. सगळ्या बायका भोवती उभ्या. मी खाली बघत होते, एक क्षणही सोडायचा नव्हता मला. त्यांचा अंगठा माझ्या भेगेवर आला आणि थांबला. तेल हाताला लागलं. त्यांनी वर बघितलं, आणि मला दिसलं की त्यांना आठवलं. सगळं आठवलं. आहाहा! त्या क्षणासाठी मी पुन्हा तेवढीच वर्षं वाट बघितली असती. त्यांनी दुसरा पाय घेतला, टाच नीट चोळून धुतली, पाणी घातलं. परातीतलं पाणी सांडून त्यांचे स्वतःचे पाय भिजले होते. त्या उठायला लागल्या तेव्हा मी पिशवीची गाठ सोडली.

"विहीणबाई, पाय ओले झालेत तुमचे. खाली कार्पेट आहे, डाग पडतात. ह्या घाला."

आणि त्या निळ्या स्लिपर्स मी त्यांच्यासमोर, रांगोळीवरच ठेवल्या. बायकांमध्ये कुजबुज झाली. बाईसाहेब तशाच परत खाली बसल्या. मला वाटलं, आता रडेल, आता मान खाली घालून पाय घालेल. त्यांनी उजवी स्लिपर उचलली. अंगठ्यापाशी ती तांब्याची तार होती, हिरवी पडलेली. त्या तारेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग स्लिपर उलटी-सुलटी करून आत बघितलं. रबरावर टाचेचा आणि पाच बोटांचा खोलगट ठसा होता. तो माझा नव्हता, मी त्या घातल्या होत्या तासाभरच.

"ही तार ह्यांनी बांधली होती," त्या म्हणाल्या. "मी नवीन आणते म्हटलं, तर म्हणाले, अजून चालतेय."

आणि त्यांनी ती बाथरूमची स्लिपर कपाळाला लावली. दुसरी छातीशी धरली. मग पुढे वाकून माझ्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं आणि इतक्या मोठ्यानं हुंदका दिला की पलीकडे गुरुजींनी मंत्र थांबवले. तुम्ही जपून ठेवल्यात, तुम्ही जपून ठेवल्यात, एवढंच म्हणत राहिल्या. भोवतालच्या बायका पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. मुलगी बोहल्यावरून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. अध्यक्षांनी ठरलेले चार शब्द सोडून माझ्यावरच दहा मिनिटं भाषण केलं. ह्या सगळ्या गोंधळात माझे पाय कोणी पुसलेच नाहीत. एसीचा गार वारा येत होता आणि मी पाटावर तशीच बसून होते. बाईला पायाशी आणलं, टाचा धुवायला लावल्या, चपला पुढे केल्या, बोलल्याप्रमाणे सगळं केलं. आणि ती त्या छातीशी धरून घेऊन गेली! माझ्या तोंडातला घास कोणी काढून घ्यावा आणि वर सगळ्यांनी मलाच दानशूर म्हणावं, अशी गत झाली.

मी कोणाला खरं सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? सिस्टर असती तर तिला कळलं असतं. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, मला का नाही कधी सांगितलंस की त्यांच्या चपला तू इतक्या सांभाळल्या होत्यास? मी ह्यांच्याकडे बघितलं आणि कपाटावरची रिकामी जागा पुसून काढली.

तिला मी माफ केलं का? मुळीच नाही. पण आता ती विहीण आहे, दर संक्रांतीला तिच्या फ्लॅटवर हळदीकुंकवाला जावं लागतं. देव्हाऱ्याशेजारच्या स्टुलावर, पांढऱ्या रुमालावर त्या दोन स्लिपर्स ठेवलेल्या असतात. नवीन कोणी बाई आली की ती तिला हात धरून तिथे नेते, माझ्याकडे वळून म्हणते, ह्या आमच्या विहीणबाई, ह्यांनी जपल्या. सगळ्या माझ्याकडे बघतात. मी अनवाणी उभी असते, कपाळाला कुंकू लावून घेते आणि मान डोलावते.